बी सजीवच आहे! उत्तरसूची दुरुस्त करून घेतानाचा माझा अनुभव

तिसरीला सजीव-निर्जीव शिकवताना मुलं कुठे अडतात ते आता मला पाठ झालंय. हलतं ते जिवंत, ही त्यांची पहिली समजूत. मोटारसायकल पळते, पेट्रोल पिते. वडाचं झाड नुसतं उभं. सूर्य, ढगही मुलांना जिवंत वाटतात, हे स्वित्झर्लंडचे बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९२० च्या दशकातच नोंदवून ठेवलंय. 'मोटारसायकलला पिल्लं होतात का?' असं विचारलं की वर्ग खळखळून हसतो आणि आपण पुढे जातो.

यंदा घोडं अडलं ते उत्तरसूचीत. बाहेरून छापून आलेल्या चाचणीत 'निर्जीव वस्तूंना गोल करा' असा प्रश्न होता: दगड, मांजर, बी, खुर्ची. सूचीत बी निर्जीव! माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी बीला गोल केला नव्हता, कारण त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आम्ही हरभरे रात्रभर भिजवले, त्यातले निम्मे चांगले उकळले आणि दोन ओल्या फडक्यांत वेगवेगळे बांधून ठेवले. एका पुरचुंडीत पांढरे मोड आले. दुसरीतले बुळबुळीत झाले, वास मारू लागले. 'बाई, हे मेले,' एक मुलगी म्हणाली. मग शेजारचा म्हणाला, 'मेले म्हणजे आधी जिवंत होते ना?' या पोरांचे गुण मी कापायचे?

मुख्याध्यापकांना सांगितलं, तर सर म्हणाले, 'वर कळवा.' वर फोन केला, तर 'मॅडम, एका गुणाचा तर प्रश्न आहे, सूचीप्रमाणे तपासून टाका.' मी ठाम राहिले, तेव्हा 'लेखी द्या' झालं. लेखी दिलं, तर 'पुराव्यासह द्या.' मग अर्जात सविस्तर लिहिलं: बीच्या आत गर्भ असतो, तो सुप्तावस्थेत असतो, श्वसन अगदी मंद चालू असतं. इस्राएलमध्ये मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली सुमारे २००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये पेरली आणि ती रुजली, हेही जोडलं. त्यानंतर नुसती वाट पाहणं. गुणपत्रकात तो रकाना कोराच ठेवला, आणि तो का कोरा आहे याचा खुलासाही मलाच द्यावा लागला. अर्ज कुणाच्या टेबलावर आहे, हे एकालाही सांगता येत नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. माझ्या हातात पोच होती म्हणूनच शेवटी तो सापडला.

उत्तर आलं ते एका ओळीचं: 'दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत.' मुलांना गुण मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण बी निर्जीव हे उत्तर ग्राह्य कसं? मूळ सूची बदलावी म्हणून दुसरा अर्ज दिलाय, त्याचीही पोच घेतलीय.

प्रयोग करणार असाल तर हरभरे अख्खे घ्या, डाळ नको; भरडताना गर्भ तुटतो, मग मोड येत नाहीत. भिजलेल्या हरभऱ्याचं साल काढून दोन दलं अलगद उघडा, टोकाशी इवलासा गर्भ दिसतो. प्रत्येक मुलाला तो स्वतः उघडू द्या. आणि फळ्यावर दोनऐवजी तीन रकाने करा. वाळलेलं पान, लाकडी खुर्ची, उकळलेला हरभरा हे 'पूर्वी सजीव' या तिसऱ्या रकान्यात जातात, आणि मुलांचे अर्धे वाद तिथेच मिटतात.