डोक्यावर काहीच न लिहिलेला बोल्ट

लिफ्टवर चढवलेल्या गाडीचं मागचं कॅरिअर मी दोन्ही हातांनी धरून एकदा जोरात हलवतो. जॉब कार्डावर हे काम कधी लिहिलेलं नसतं, पण चाकाची बेअरिंग असो, स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश असोत की सीटखालची चौकट, ढिलेपणा डोळ्याला दिसायच्या आधी हाताला लागतो. त्या दिवशी हाताच्याही आधी कानाला कळलं. सीटखालून 'टिक्' असा बारीक आवाज आला. पुन्हा हलवलं, पुन्हा 'टिक्'.

एकाच घरातल्या दोन गाड्या त्या सकाळी शेजारशेजारच्या लिफ्टवर होत्या. दोन्ही कावासाकी केएलआर650, डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या मोटरसायकली. वडिलांची (त्यांना मी काका म्हणतो) 1999 ची, मुलीची 2022 ची. दोघं दुसऱ्या दिवशी पहाटे लांबच्या प्रवासाला निघणार होती, डांबरी आणि कच्चा असा मिळून तीन आठवड्यांचा. सांगितलेलं काम साधं होतं: ऑइल, फिल्टर, चेन, ब्रेक पॅड, कूलंट. संध्याकाळपर्यंत दोन्ही गाड्या द्यायच्या होत्या.

आवाज वडिलांच्या गाडीचा होता. सीट काढली, बाजूची कव्हरं काढली, हाताला जागा हवी म्हणून टाकीही उतरवली. जुन्या केएलआरची मागची चौकट, म्हणजे सबफ्रेम, मुख्य चेसिसला चार ठिकाणी बोल्टने धरलेली असते, दोन वर आणि दोन खाली. डावीकडच्या वरच्या बोल्टचं डोकं जागेवर दिसत होतं. पान्याचं टोक लावलं तर ते गळून खाली ट्रेमध्ये पडलं. बोल्ट केव्हाच तुटला होता, डोकं नुसतं मातीने चिकटून राहिलं होतं. उजवीकडचा बोटांनी फिरत होता.

ते पडलेलं डोकं पुसून दिव्याखाली धरलं. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर त्याची ताकद कोरलेली असते. 8.8 असेल तर पहिला आकडा सांगतो की तुटण्याआधी तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे 800 न्यूटन ताण सोसेल, आणि दुसरा सांगतो की त्याच्या 80 टक्क्यांना तो कायमचा ताणला जायला लागेल. या डोक्यावर काहीच नव्हतं. कोरं. कंपनीचा मूळ बोल्ट कधीतरी, कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये हरवला असणार आणि आट्यात बसतोय म्हणून हाताला लागेल तो 8 मिलिमीटरचा बोल्ट कुणीतरी घातला असणार. कुणी, ते काकांना आठवत नव्हतं. पंचवीस वर्षांत गाडी बऱ्याच हातांखालून गेली होती.

मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. कव्हरखाली गेलेला बोल्ट गिऱ्हाईक उघडून बघत नाही. तिथे काय घालायचं हे फक्त मेकॅनिकच्या हातात असतं.

काकांना फोन केला. तासाभरात दोघंही आले. काका आधी बोललेच नाहीत. वाकून त्या भोकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि मी उद्या यावर तीन पेट्या लादणार होतो."

पेट्या ते सोबत घेऊनच आले होते. आम्ही त्या पार्सलच्या काट्यावर ठेवल्या. दोन बाजूच्या आणि एक मागची, मिळून 41 किलो. त्यातली सर्वांत जड मागची, कारण हत्यारं, सुटे भाग आणि ट्यूब सगळं त्यांनी तिच्यात भरलं होतं. ही पेटी मागच्या आसाच्याही मागे बसते. तिथे ठेवलेलं वजन पहारीच्या टोकाला लटकवल्यासारखं काम करतं. खालचे बोल्ट टेकू होतात आणि वरचे बोल्ट ओढले जातात. खड्ड्यात गाडी आपटली की तोच ओढा कितीतरी पटींनी वाढतो. कोऱ्या डोक्याच्या बोल्टने इतकी वर्षं तो सोसला हेच खूप.

तुटलेला तुकडा काढण्यात दुपार गेली. डोकं तुटल्यावर बोल्टवरचा ताण संपलेला असतो, त्यामुळे बरेचदा आतला तुकडा अणकुचीदार पंचने हळूहळू उलटा फिरवला तरी बाहेर येतो. हा येईना. आट्यांत जुना थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सुटू नये म्हणून लावायचा डिंक, वाळून घट्ट बसला होता. आधी तुकड्याच्या बरोबर मध्यावर पंच मारला. ही खूण अर्धा मिलिमीटर जरी चुकली तरी ड्रिल चेसिसच्या आट्यांत घुसतं, म्हणून तिच्यासाठी मी जितका वेळ लागेल तितका घेतो. मग चेसिसचा तेवढाच भाग हीट गनने तापवला, कारण थ्रेडलॉक उष्णतेने मऊ पडतो. शेवटी उलटं फिरणारं ड्रिल लावलं. आधी 3 चं, मग 5 चं. पाचचं पातं धातूत अडकलं, आणि त्याच्याबरोबर अख्खा तुकडा फिरत फिरत बाहेर आला. आटे शाबूत होते. आटे पाडायचा टॅप फिरवून ते साफ केले आणि खालच्या नळ्यांना कुठे तडा आहे का ते क्लीनर मारून, टॉर्च धरून इंच इंच पाहिलं. तडा नव्हता.

हे चालू असताना काका मुलीच्या गाडीभोवती फिरत होते.

"यात नवीन काय आहे सांगा," ते म्हणाले. "टाकी तेवढीच, इंजिन तेच, गिअरही पाचच."

हेच वाक्य वर्षभरापूर्वी मी त्यांच्या मुलीला सांगितलं होतं. 2016 ची चांगली ठेवलेली गाडी घ्यावी की नवी, असं तिने विचारलं होतं. मी म्हणालो होतो, कार्ब्युरेटरऐवजी आलेलं फ्युएल इंजेक्शन सोडलं तर तीच गाडी आहे, पैसे वाचव. तिने माझं ऐकलं नाही.

आकडे बघितले तर काका चूक नव्हते. 1987 साली ही गाडी आली तेव्हा सिलिंडरचा व्यास 100 मिलिमीटर आणि स्ट्रोक 83 मिलिमीटर होता. आजही तेवढाच आहे. पूर्वीच्या कागदांवर 651 सीसी असायचं, आता 652 असतं, म्हणून एकाने मला विचारलं होतं की इंजिन मोठं केलं का. गुणाकार करून पाहिला तर 651.88 येतात. आधी अपूर्णांक सोडून द्यायचे, आता वरचा आकडा धरतात, इतकंच. अशा मोटरसायकलींच्या वर्गात असं चालतंच. सुझुकीची डीआर650एसई 1996 च्या आणि होंडाची एक्सआर650एल 1993 च्या रचनेवर वर्षानुवर्षं विकली गेली, आणि बहुतेक वर्षी रंग आणि स्टिकर यापलीकडे काही बदललं नाही. वाट नसलेल्या ठिकाणी जाणाऱ्याला याचा त्रास होत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा भाग आजच्या गाडीला बसतो, ही त्याच्यासाठी सोय असते.

पण त्या दुपारी माझ्या हातात ते कोरं डोकं होतं आणि समोर मुलीच्या गाडीची सीट काढलेली होती. मी काकांना बोलावलं आणि टॉर्च त्या जागी धरला.

"तुमचा बोल्ट जिथे तुटला ती जागा इथे दाखवा."

त्यांनी वाकून शोधलं. तिथे बोल्टच नव्हता. 2022 च्या गाडीत मागची चौकट मुख्य चेसिसला वेल्डिंगनेच जोडलेली आहे, दोन्ही मिळून एकच सांगाडा. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. 2021 च्या जानेवारीत नवी गाडी जाहीर झाली तेव्हाच वाचलं होतं. वाचताना ते यादीतलं एक वाक्य होतं, आणि वेल्डिंग केलेली चौकट हा मला बदलच वाटला नव्हता.

मग आम्ही दोन्ही गाड्या शेजारीशेजारी तपासत गेलो. मुलगी फोनचा टॉर्च धरून होती. नव्या गाडीचे आस व्हर्नियरने मोजले: पुढचा 17, मागचा 20 मिलिमीटर. काकांचे दोन्ही त्याहून बारीक. स्विंगआर्म 30 मिलिमीटरने लांब, म्हणजे लादलेली गाडी सरळ रस्त्यावर कमी भरकटते. जनरेटर 26 अँपिअरचा, कारण आता लोक तापणाऱ्या मुठी आणि जादा दिवे लावतात. तिसऱ्या गिअरचे दात आणि क्लच रिलीज बेअरिंग बदलले आहेत, ते इंजिन न उघडता दिसत नाहीत, नुसते सांगितले. पुढची डिस्क 300 मिलिमीटरची. 2008 च्या फेरबदलात ती 280 केली होती आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्या, 38 मिलिमीटर जाडीच्या होत्या त्या 41 च्या केल्या होत्या. त्याच साली फोर्कचा प्रवास, म्हणजे तो किती दबू शकतो ते अंतर, 230 मिलिमीटरवरून 200 वर आणला, त्यावर कच्च्या रस्त्यावर जाणारे लोक रागावले होते. मला तो निर्णय आजही अर्धाच पटतो. 2014 च्या मध्यात पुढच्या स्प्रिंग 40 टक्के आणि मागची 63 टक्के कडक केली. लोक या गाडीवर प्रत्यक्षात किती सामान लादतात हे कुणीतरी पाहिल्याशिवाय 63 हा आकडा निघत नाही.

काकांना आठवण झाली ती बॅलन्सरच्या लिव्हरची. या इंजिनात थरथर कमी करायला दोन वजनदार शाफ्ट चेनने फिरतात आणि त्या चेनचा ढिलेपणा एक छोटा लिव्हर आणि त्याची स्प्रिंग ओढून घेते. जुन्या गाड्यांत हा लिव्हर दोन भाग जोडून केलेला असे. कित्येक मालक तो काढून दुसऱ्यांनी बनवलेला मजबूत लिव्हर घालत. काकांनीही बऱ्याच वर्षांपूर्वी तेच केलं होतं. 2008 पासून कंपनीने तो एकसंध केला.

"म्हणजे आम्ही घरी जे करत होतो तेच त्यांनी कारखान्यात केलं," काका म्हणाले.

"उशिरा," मुलगी म्हणाली.

मग काकांनी विचारलेला प्रश्न मला दिवसभर पुरला. "माझी चौकट वाकली तर चार बोल्ट काढून दुसरी लावीन. हिची वाकली तर?"

मी खरं ते सांगितलं. हिची वाकली तर सरळ करण्याच्या जिगवर न्यावी लागेल, नाहीतर अख्खी चेसिस बदलावी लागेल. ओझ्याने बोल्ट तुटायची भीती गेली, पण पडल्यावर सुटा भाग बदलायची सोयही गेली. पेट्या घेऊन लांब जाणाऱ्याला नवी रचना बरी. वारंवार पडत, उठत शिकणाऱ्याला जुनी. मुलगी दोन्ही करणार होती. तिने मान हलवली आणि पेट्यांखालची नळी कुठे कुठे टेकते ते मला पुन्हा दाखवायला लावलं.

काकांच्या गाडीला दोन मार्ग होते. काही लोक चेसिसमध्ये आरपार भोक पाडून दोन बोल्टांऐवजी एकच लांब बोल्ट घालतात. तो मजबूत असतो यात वाद नाही. पण दोन्ही बाजूंनी ड्रिल नेमकं समोरासमोर यावं लागतं, आणि पाडलेलं भोक बुजवता येत नाही. आटे चांगले असताना, संध्याकाळचे पाच वाजलेले असताना, मी ते करणार नव्हतो. चारही ठिकाणी 10.9 चे नवे बोल्ट घातले, थ्रेडलॉक लावला, ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क रेंचने आवळले. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून चेसिसपर्यंत पिवळ्या पेंटची एक सरळ रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ मोडते आणि पाना न लावता दिसते.

"आणि सामान?" मी विचारलं.

काकांनी मागची पेटी उघडली. हत्यारांची गुंडाळी आणि ट्यूब काढून टाकीवरच्या बॅगेत घातल्या. चेनचं कुलूप मुलीने तिच्या पेटीत घेतलं. पुन्हा काट्यावर ठेवली तेव्हा मागची पेटी 6 किलोंवर आली होती. मी कॅरिअर धरून हलवलं. आवाज आला नाही. काकांनीही हलवून पाहिलं, मग मुलीने.

पहिल्या 500 किलोमीटरनंतर रेघा बघा, एवढंच मी जॉब कार्डाच्या तळाशी लिहिलं.

चौथ्या दिवशी रात्री मुलीचा फोटो आला. सीट काढलेली, सगळीकडे धूळ, बोटाने पुसलेला एक बोल्ट. मी फोटो मोठा करून पाहिला. पिवळी रेघ सरळ होती. खाली तिने दुसरा फोटो टाकला होता, तिच्या गाडीची तीच जागा. तिथे रेघ ओढायला काहीच नव्हतं, फक्त वेल्डिंगचा सांधा, तोही तिने पुसून घेतला होता.