ब्रूच्या मठातला गोठलेला नरक

फ्रान्समधल्या लिओंहून बूर्ग-आं-ब्रेसला रेल्वेने जेमतेम तासाभराचा रस्ता. लोक इथे येतात ते ब्रूचा मठ पाहायला. ऑस्ट्रियाच्या मार्गारेटने सोळाव्या शतकात नवऱ्याच्या स्मरणार्थ तो बांधून घेतला. रंगीत कौलं, संगमरवरी थडगी, सगळंच देखणं. मी मात्र गेले होते गुस्ताव्ह दोरेसाठी. १८३२ साली स्ट्रासबुर्गला जन्मलेल्या या चित्रकाराच्या बालपणाची काही वर्षं याच गावात गेली, वडील इथे अभियंता होते.

मठाच्या संग्रहालयात त्याचं १८६१चं प्रचंड तैलचित्र आहे. तीन मीटरहून उंच, चार मीटरहून रुंद. प्रसंग इटालियन कवी दान्तेच्या ‘इन्फर्नो’ या नरकप्रवासाच्या काव्यातला: नरकाच्या नवव्या वर्तुळात, विश्वासघातक्यांच्या गोठलेल्या तळ्यावर स्वतः दान्ते आणि त्याचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, उभे आहेत. शेजारीच उगोलिनो आपल्या शत्रूचं डोकं कुरतडतोय. त्याच वर्षी दोरेची ‘इन्फर्नो’ची चित्रं पुस्तकात आली. एवढं महागडं पुस्तक काढायला प्रकाशक कचरत होता, तेव्हा एकोणतिशीतल्या दोरेने छपाईचा खर्च स्वतः उचलला. पुस्तक हातोहात खपलं.

त्या चित्रांचं पुनर्मुद्रण मी सोबत नेलं होतं. बाकावर बसून ते उघडलं, समोरच्या चित्राकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे. आणि मला पान जास्त आवडलं. तैलचित्रातली निळसर थंडी भव्य आहे, पण पानावर बर्फ नुसत्या रेघांनी गोठलाय. समांतर, केसासारख्या बारीक रेघा. त्या जवळ आल्या की अंधार, विरळ झाल्या की बर्फावरचा फिकट उजेड.

या रेघा दोरेने कोरलेल्या नाहीत. तो बॉक्सवुड या लाकडाच्या, छपाईसाठीच्या ठोकळ्यावर शाई आणि कुंचल्याने छायाप्रकाश रंगवायचा. खोडाच्या आडव्या छेदाचं हे लाकूड इतकं घट्ट असतं की त्यावर धातूच्या पत्र्यासारखं बारीक कोरता येतं. कोरणारा त्या पातळ रंगाच्या छटांचं रेघांमध्ये रूपांतर करायचा, आणि कोरता कोरता मूळ चित्र नाहीसं व्हायचं. म्हणजे कागदावर उरलेली प्रत्येक छटा त्याने ठरवलेली. ‘इन्फर्नो’तल्या अनेक ठशांवर हे काम एलिओदोर पिझां या कोरणाऱ्याचं आहे. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अशी नजर आणि असा हात किती जणांकडे असतो?

तुमच्याकडे या चित्रांची कुठलीही बरी छापील प्रत असेल, तर उगोलिनोचं पान काढा आणि भिंग घेऊन बसा. आधी बर्फ पाहा, मग कोपऱ्यातली सही.