सांधे दुखतात म्हणून झोप नाही, असं मी दोन वर्षं धरून चालले होते

मला आमवात आहे, रिपोर्टच्या भाषेत रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, २०१७ पासून. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे आमवात आटोक्यात ठेवायचं औषध, दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड, सकाळी तासभर बोटं वळत नाहीत म्हणून दुधाची पिशवी दातानं फोडायची, हे सगळं अंगवळणी पडलेलं. पण दोन वर्षांपूर्वी झोपेचं जे वाटोळं झालं ते काही केल्या सुधरेना. कोणी विचारलं की मी म्हणायचे, सांधे दुखतात ना, झोप कुठून येणार. समोरचा मान डोलवायचा आणि विषय तिथंच संपायचा.

खरं तर दुखायची मनगटं आणि बोटं, आणि झोपू द्यायचे नाहीत ते पाय. रात्री पाठ टेकली की अर्ध्या तासात पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळल्यासारखं व्हायचं. दुखणं नाही, मुंग्या नाहीत, आतून कोणीतरी ओढतंय असं काहीतरी, आणि पाय हलवला की दोन सेकंद बरं वाटायचं की परत सुरू. मग उठायचं, हॉलमध्ये गार फरशीवर अनवाणी फेऱ्या मारायच्या, दीड वाजता, अडीच वाजता. मिस्टर म्हणायचे झोप ना गं आता. सासूबाई बिचाऱ्या काशाची वाटी आणि तूप घेऊन तळपाय घासून द्यायच्या, तेवढ्यापुरतं छान वाटायचं, वाटी ठेवली की पाय चालू. एकदा संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला जाताना सीटवर बसवेचना, अर्धा प्रवास उभ्यानं केला, कंडक्टर म्हणतो ताई जागा आहे की.

मग मी स्वतःच डॉक्टरकी केली, ती चूक. शेजारणीनं सांगितलं की अॅलर्जीची अमुक गोळी घेतली की मस्त गुंगी येते, ती आठवडाभर घेतली. गुंगी आली पण पाय दुपटीनं वळवळायला लागले, म्हणजे डोळे मिटतायत आणि पाय नाचतायत, त्याहून वाईट रात्री मी काढल्या नाहीत. शिवाय सांधे सुजले की थोडे दिवस प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी असायची, चिठ्ठीवर जेवणानंतर एवढंच लिहिलेलं, म्हणून मी ती रात्रीच्या जेवणानंतर घ्यायचे. स्टेरॉईडनं झोप उडते हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बहीण म्हणाली स्लीप स्टडी करून घे, म्हणजे रात्रभर यंत्रं लावून झोप तपासतात ती टेस्ट. ती करायची म्हणून सांधेवाल्या डॉक्टरांकडे गेले तर नेमक्या आमच्या नेहमीच्या मॅडम रजेवर, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर. त्यांनी विचारलं, पाय दुखतात की हलवावेसे वाटतात? मी एकदम गप्प. दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मग विचारलं की पडून राहिलं की वाढतं का, चाललं की थांबतं का, दिवसा कमी आणि रात्री जास्त का. चारही हो. म्हणाले याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात, आमवाताच्या पेशंटमध्ये इतरांपेक्षा जास्त दिसतं, आणि हे असं विचारूनच कळतं, त्याला स्लीप स्टडी लागत नाही. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का तेही विचारलं, तसं असतं तर टेस्ट केली असती म्हणाले. (घरी येऊन वाचलं तर एकबॉम नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं १९४५ मध्येच याच्यावर सविस्तर लिहून ठेवलंय, आणि आम्ही वाटी घासत बसलोय.)

रक्ताची तपासणी केली तर हिमोग्लोबिन ठीक, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, ३८. रिपोर्टवर त्याच्यासमोर नॉर्मल छापलेलं. मी म्हटलं चला, हे नाही. तर डॉक्टर म्हणाले इथंच गंमत आहे, अंगात सूज असली की फेरिटिन उगाच वर दिसतं, तुमचं सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारा आकडा, वाढलेलंय म्हणजे लोहाचा खरा साठा याहून कमी असणार, आणि या पायांच्या त्रासात तसंही ते ७५ च्या वर असलेलं बरं. पायांसाठी वेगळ्या गोळ्या असतात पण त्यातल्या काही वर्षानुवर्षं घेतल्या की त्रास उलट वाढतो, म्हणून आधी लोह भरू. मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवला, प्रेडनिसोलोन सकाळच्या नाश्त्यानंतर, अॅलर्जीची गोळी बंद.

लोहाची गोळी घेणं म्हणजे नुसतं गिळणं नाही हेही तेव्हाच कळलं. मी कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊन वर चहा प्यायले असते, लोहाचं त्या दोघांशीही अजिबात जमत नाही. आता लोह उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर, चहा तासाभरानं, कॅल्शियम रात्री. सकाळचा चहा तासभर पुढे ढकलणं हे मेथोट्रेक्सेटच्या मळमळीपेक्षा अवघड गेलं, खोटं कशाला बोलू. पोट गच्च व्हायचं तर एक दिवसाआड घ्या म्हणाले, तेव्हा जमलं.

पहिला महिना काही फरक नाही. मी वैतागून सोडणारच होते. सहाव्या-सातव्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की रात्री उठलेच नव्हते. तीन महिन्यांनी फेरिटिन ८१. सांधे सुजले की अजूनही पहाटे चारला जाग येते, पण ती बोटांमुळे, आणि तेवढ्यासाठी फेऱ्या माराव्या लागत नाहीत. सासूबाईंचं म्हणणं आहे की गुण वाटीचाच आला, उशिरा आला इतकंच.