रेपो सव्वा टक्क्याने उतरला, तुमच्या कर्जाचं काय झालं?

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो, चार वेळा कमी केला. फेब्रुवारीत पाव टक्का, एप्रिलमध्ये पाव, जूनमध्ये एकदम अर्धा आणि डिसेंबरात पुन्हा पाव. ६.५० वरून ५.२५. बातम्यांत प्रत्येक वेळी "गृहकर्ज स्वस्त होणार" असा मथळा आला. तरीही एकाच मजल्यावर राहणाऱ्या दोन कर्जदारांपैकी एकाचं कर्ज ७.५० टक्क्यांवर आलेलं असतं आणि दुसऱ्याचं अजून पावणेनऊवर अडकलेलं असतं. फरक नशिबाचा नाही. कर्ज कशाला जोडलंय आणि त्यावर बँकेने किती चढवलंय, एवढाच आहे.

आधी जोडणी बघू. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी दिलेलं नवं फ्लोटिंग, म्हणजे दर बदलत राहणारं, गृहकर्ज बाहेरच्या दराशी, म्हणजे बहुतेक ठिकाणी रेपोशी, जोडणं सक्तीचं झालं. त्याआधीचं कर्ज असेल तर ते एमसीएलआरवर, किंवा एप्रिल २०१६ च्याही आधीचं असेल तर बेस रेटवर असू शकतं. हे दोन्ही दर बँक स्वतःच्या ठेवींच्या खर्चावरून ठरवते, त्यामुळे उतरताना ते रेंगाळतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना रेपोचं बंधनच नाही, त्या स्वतःच ठरवलेल्या मूळ दरावर, म्हणजे पीएलआरवर, चालतात. आपल्याकडे नागरी सहकारी बँकांचं गृहकर्ज घेणारेही भरपूर आहेत. हा नियम त्यांनाही लागू नाही, तिथे दर संचालक मंडळ ठरवतं. तेव्हा मंजुरीपत्र काढा आणि त्यात आरएलएलआर, ईबीएलआर, एमसीएलआर की पीएलआर लिहिलंय ते बघा. पहिले दोन असतील तर तुमचं कर्ज बाहेरच्या दराला, बहुधा रेपोला, बांधलेलं आहे.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, स्प्रेड. तुमच्या आजच्या दरातून रेपो वजा करा, उरतं ते स्प्रेड. दर ८.०० असेल आणि रेपो ५.२५, तर स्प्रेड २.७५. रेपो सगळ्यांचा सारखाच असतो, स्प्रेड मात्र प्रत्येकाचा वेगळा, आणि नवे ग्राहक ओढायला बँका तो कमी ठेवतात. जुन्या ग्राहकाचा स्प्रेड करारात गोठलेला राहतो. शेजारच्या शाखेत नव्या माणसाला २.२५ मिळत असेल आणि तुम्ही २.७५ भरत असाल, तर ४० लाख शिल्लक आणि २० वर्षं बाकी धरून हप्ता ३२,२२४ ऐवजी ३३,४५८ पडतो. महिन्याला १,२३४ रुपये जास्त, वीस वर्षांत जवळपास तीन लाख. आणि कर्जदार वाट बघत बसतो ती रिझर्व्ह बँकेच्या पुढच्या पाव टक्क्याची! अर्धा टक्का तर स्वतःच्याच बँकेत अर्ज केला तर सुटू शकतो.

अर्ज साधा ठेवा. खाते क्रमांक, शिल्लक मुद्दल, सध्याचा दर आणि रेपोवर किती स्प्रेड ते लिहा. मग एवढंच: "आपली बँक नव्या ग्राहकांना यापेक्षा कमी स्प्रेडने कर्ज देत आहे. माझे सर्व हप्ते वेळेवर गेले आहेत. माझ्या कर्जाचा स्प्रेड त्या पातळीवर आणावा आणि त्यासाठीचं शुल्क लेखी कळवावं." काउंटरवर तोंडी विचारलं तर "सिस्टिममध्ये होत नाही" असं उत्तर मिळायची शक्यता फार, लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं. पूर्वी बँकांना स्प्रेडचे बरेचसे घटक तीन वर्षांतून एकदाच बदलता यायचे. १ ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी त्याआधीही ते कमी करायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे, तिचा अर्जात उल्लेख जरूर करा. शुल्क बँकेगणिक वेगळं असतं. समजा शिल्लक रकमेच्या पाव टक्का सांगितलं, तर ४० लाखांवर १०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण ११,८००. वरच्या उदाहरणात ते दहा महिन्यांत वसूल होतं. एमसीएलआरवरून रेपोवर यायचं असेल तर बँकेला वाजवी प्रशासकीय आणि कायदेशीर खर्चापलीकडे काही घेता येत नाही.

रेपो उतरला त्याच दिवशी तुमचा दर उतरत नाही, हेही धरून चाला. बँकेने किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलायचा, असा नियम आहे. तुमची रीसेटची, म्हणजे दर बदलायची, तारीख १ मार्च असेल तर ५ डिसेंबरची कपात तुमच्या खात्यात मार्चलाच दिसेल. दर वाढतानाही हीच उसंत मिळते, त्यामुळे यात गैर काही नाही. मात्र ती तारीख उलटूनही दर तोच राहिला तर तक्रार करायलाच हवी.

आणि मग येतो तो प्रश्न ज्यावर लोक सगळ्यात जास्त चुकतात: दर कमी झाला की हप्ता कमी करायचा की मुदत?

हे समजायला २०२२ कडे बघावं लागतं. २०२१ च्या शेवटी रेपो ४ टक्के होता आणि चांगल्या क्रेडिट स्कोअरला ६.७० टक्क्यांनी कर्ज मिळत होतं. ५० लाख, २० वर्षं, हप्ता ३७,८७०. मे २०२२ पासून रेपो चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत अडीच टक्के वर गेला. हेच कर्ज ९.२० वर पोहोचलं. समजा तोवर शिल्लक ४९ लाख होती. ९.२० ने महिन्याचं व्याजच ३७,५६७ होतं. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात फक्त ३०३ रुपये. या गतीने कर्ज फिटायला ६३२ हप्ते लागतात, म्हणजे बावन्न वर्षांहून जास्त! बँकांनी अनेकांची मुदत अशीच गुपचूप ताणली होती. हप्ता बदलला नाही म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही, कळलं ते विवरणपत्रात निवृत्तीनंतरचं साल दिसल्यावर.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर बंधनं घातली. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा. हप्त्यातून व्याजही सुटत नाही, अशी वेळ येऊ द्यायची नाही. आणि दर तिमाहीला विवरण द्यायचं: आतापर्यंत किती मुद्दल गेलं, किती व्याज, हप्ता किती, किती हप्ते उरले, वार्षिक दर किती. त्यातला "उरलेले हप्ते" हा आकडा दर तीन महिन्यांनी बघा. तो गेल्या वेळेपेक्षा तीनने कमी झालेला असायला हवा. तसा नसेल तर कारण विचारा.

आता उतरत्या दरात उलटं गणित करू. शिल्लक ४० लाख, मुदत २० वर्षं, दर ८.७५, हप्ता ३५,३४८. दर ७.५० झाला. हप्ता कमी करून घेतला तर ३२,२२४, महिन्याला ३,१२४ रुपये मोकळे. हप्ता तोच ठेवला तर कर्ज २४० ऐवजी १९८ हप्त्यांत संपतं आणि हप्ता कमी करण्याच्या तुलनेत एकूण व्याज सुमारे साडेसात लाखांनी कमी जातं. घरखर्चाची खरोखर ओढाताण असेल, दुसरं महाग कर्ज चालू असेल किंवा हाताशी सहा महिन्यांचा खर्चही साठलेला नसेल, तर हप्ता कमी करा, त्यात चूक नाही. क्रेडिट कार्डची थकबाकी अंगावर असताना गृहकर्ज लवकर फेडण्यात काहीच अर्थ नाही. पण तसं काही नसेल तर हप्त्याला हात लावू नका. २०२२-२३ मध्ये ज्यांची मुदत ताणली गेली त्यांनी तर नाहीच, कारण ती मुदत परत जागेवर आणायची संधी हीच आहे.

बँक बदलायचा विचार स्वतःच्या बँकेने लेखी नकार दिल्यावरच करा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे बाहेर पडणं फुकट आहे. आत शिरणं मात्र फुकट नाही. महाराष्ट्रात मालमत्तेची मूळ कागदपत्रं तारण ठेवताना कर्ज रकमेच्या ०.३ टक्के मुद्रांक शुल्क पडतं, आणि ते नव्या बँकेत पुन्हा भरावं लागतं. ४० लाखांवर १२,०००. शिवाय प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, नोटीस ऑफ इंटिमेशन (तारणाची निबंधक कार्यालयाला द्यायची सूचना) दाखल करण्याचा खर्च. "झिरो प्रोसेसिंग फी" या जाहिरातीत यातलं बाकीचं काहीच धरलेलं नसतं. सगळी बेरीज मासिक बचतीने भागा. उत्तर अठरा महिन्यांच्या आत आलं आणि दहा वर्षांहून जास्त मुदत बाकी असेल तर जा. शेवटची पाच-सहा वर्षं राहिली असतील तर सहसा परवडत नाही, कारण व्याजाचा मोठा भाग तोवर भरून झालेला असतो.

या व्यवहारात अडकतं ते एका ठरावीक जागी. कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं जे फोरक्लोजर पत्र जुनी बँक देते त्यावर एक तारीख आणि दर दिवसाचं व्याज लिहिलेलं असतं. नव्या बँकेचा डीडी त्या तारखेनंतर पोहोचला, किंवा मध्येच एक हप्ता कापला गेला, तर खात्यावर काही हजार बाकी राहतात, खातं बंद होत नाही आणि कागदपत्रं सुटत नाहीत. म्हणून पत्रावरच्या तारखेच्या पुढे दहा दिवसांचं व्याज धरून रक्कम काढायला सांगा. डीडी हातात पडेपर्यंत नव्या बँकेने व्याज लावू नये, हे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. आणि जुन्या बँकेकडे कोणकोणती मूळ कागदपत्रं आहेत त्याची यादी आधीच शिक्क्यासह घ्या: खरेदीखत, इंडेक्स दोन, नोंदणीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या मालकांच्या करारांची साखळी.

नवं कर्ज घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या गृहकर्जाबरोबर की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे अटी आणि खर्चांचं सारांशपत्र, द्यावं लागतं. त्यातला एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर, दोन बँकांत ताडून बघा, जाहिरातीतला "पासून पुढे" वाला दर नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी साधारणपणे त्या किमतीत धरत नाहीत, ते रोख लागतात. कर्जाला जोडून विकलेला एकरकमी विमा सक्तीचा नसतो. एक लाखाचा हप्ता कर्जात मिसळला की ७.५० ने वीस वर्षांत तो १.९३ लाखांना पडतो. विमा घ्याच, पण वेगळा टर्म घ्या, जो बँक बदलली तरी तुमच्यासोबत राहतो. घरातली महिला सहकर्जदार असेल तर अनेक बँका ०.०५ टक्के सूट देतात, विचारल्याशिवाय ती लागत नाही.

पुढे दर कुठे जातील? माझं मत असं की उताराचा मोठा भाग पार पडलाय. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली होती, तेव्हा डिसेंबरची कपात समजण्यासारखी होती. पण रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्क्यांचं आहे, आणि भाजीपाल्याचे भाव इतके खाली कायम राहत नाहीत. आणखी पाव टक्का मिळालाच तर ४० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर तो महिन्याला सुमारे सहाशे रुपयांचा फरक आहे. त्यासाठी घराचा व्यवहार लांबवू नका. उलट बाजूची तयारी मात्र ठेवा. ५० लाखांचा हप्ता ७.५० ला ४०,२८० असतो, ९.०० ला ४४,९८६. हे जास्तीचे ४,७०० रुपये आजच्या पगारातून निघत नसतील तर कर्जाची रक्कम कमी करा. दोन-तीन वर्षं स्थिर आणि मग फ्लोटिंग अशा योजनेत पहिल्या दरापेक्षा नंतरचा स्प्रेड काय लिहिलाय तो वाचा.

कर्ज फिटल्यावरचं काम बरेच जण अर्धवट सोडतात. सगळी मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. यादीशी ताडून प्रत्येक पान मोजून घ्या. सेरसाईच्या, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदीतून तारण उतरवल्याचा पुरावा मागा. सोसायटीला बँकेचं पत्र देऊन दप्तरातली नोंद काढून घ्या. बंगला किंवा प्लॉट असेल तर तलाठ्याकडे बँकेच्या दाखल्यासह बोजा कमी करण्याचा अर्ज द्या, आणि इतर हक्कातून बँकेचं नाव गेलेला नवा सातबारा हातात आल्यावरच फाइल बंद करा.