घुबडं ऐकायची असतील तर आधी वारा पडू द्या

मार्च संपत आला तरी आमची घुबडांची पाहणी काही होत नव्हती. नाव नोंदवून झालं होतं, मार्ग ठरला होता, विजेऱ्या, होकायंत्र, कोरे तक्ते सगळं गाडीत पडून होतं. मिळत नव्हती ती एक शांत रात्र. इथल्या मंडळातल्या काहींनी "आम्हालाही करायचंय, सांग ना कसं असतं" असं विचारलं म्हणून लिहितेय. शिवाय त्या वाट बघण्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, तोही आहेच.

आम्ही कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर खोऱ्यात राहतो. 'बर्ड्स कॅनडा' ही संस्था इथे २००० सालापासून स्वयंसेवकांकडून घुबडांची रात्रीची पाहणी करून घेते. ओंटारियोत तर ती १९९५ पासून चालू आहे. पक्ष्यांच्या बाकी मोजण्या बहुतेक दिवसा होतात आणि त्यांत घुबडं फारशी सापडत नाहीत, म्हणून हा वेगळा खटाटोप. हिवाळा सरता सरता, अंडी घालण्याआधी, घुबडं आपली हद्द राखायला आणि जोडीदारासाठी सगळ्यात जास्त बोलतात, म्हणून मार्च ते एप्रिलचा पूर्वार्ध. काम ऐकायला अगदी साधं आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरुवात करायची, ठरलेल्या रस्त्यावर दर १.६ किलोमीटरला थांबायचं, दोन मिनिटं काहीही न बोलता ऐकायचं, नोंद करायची आणि पुढे जायचं. असे किमान दहा थांबे. थांब्यांमधलं अंतर एवढं अशासाठी की एकच घुबड दोनदा मोजलं जाऊ नये. नावनोंदणीत काहीच अडचण आली नाही, त्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही.

अडलं ते हवामानापाशी. नियम स्पष्ट आहे: वारा बोफर्ट मापनावर (वाऱ्याचा जोर सांगणारी श्रेणी) तीनच्या वर नको, म्हणजे ताशी साधारण वीस किलोमीटरच्या आत, आणि जोराचा पाऊस नको. कागदावर हे वाचताना वाटतं, महिनाभरात अशा कितीतरी रात्री मिळतील. पण मार्चमध्ये पॅसिफिकवरून एकामागून एक ढग येतात, आणि पाऊस थांबला की खोऱ्याच्या पूर्वेकडून, डोंगरांच्या फटीतून, थंड वारा सुटतो. पाऊस नाही तर वारा, वारा नाही तर पाऊस. दुपारी चार वाजता अंदाज म्हणायचा 'शांत', आम्ही डबा भरायचो, आणि सहाला अंगणातला देवदार डोलायला लागायचा.

त्यात रात्री एकटीने जायचं नाही, हा आमच्या घरचाही नियम आणि पाहणीचाही सल्ला. माझ्याबरोबर माझी नणंद येते. ती नर्स आहे, तिच्या पाळ्या महिनाभर आधी लागतात. म्हणजे वारा पडलेला हवा, पाऊस थांबलेला हवा, आणि त्याच रात्री तिची सुट्टी हवी. त्या महिन्यात निदान दोन चांगल्या रात्री अशा गेल्या की बाहेर पान हलत नव्हतं आणि ती वॉर्डात होती. ती तिथून फोन करायची, "वहिनी, खिडकीतून बघतेय, काय सुंदर रात्र आहे!" मला तिचा नाही, पण त्या पाळ्यांच्या तक्त्याचा फार राग यायचा.

एका रात्री आम्ही निघालोसुद्धा. पहिल्या थांब्यावर गाडीचं इंजिन बंद केलं, दहा-पंधरा पावलं लांब जाऊन उभ्या राहिलो. गरम इंजिन बंद केल्यावर टिकटिक करत राहतं, म्हणून गाडीला चिकटून उभं राहायचं नाही. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, तुम्हाला सांगून ठेवते. तर, उभ्या राहिलो आणि ऐकू आला तो फक्त हेमलॉकच्या, म्हणजे इथल्या उंच सूचिपर्णी झाडांच्या, शेंड्यांतला सूं सूं आवाज. बोफर्टचं वर्णन पानांवर बेतलेलं आहे: तीनला पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात. मार्चमध्ये मेपल उघडेबोडके असतात, पानं आणायची कुठून? मी हेमलॉकच्या झुकलेल्या शेंड्यांकडे बघायला शिकले. शेंडा सारखा डुलत असेल तर घरी. नणंद म्हणाली, "आलोच आहोत तर करून टाकूया ना, वहिनी. पुन्हा कधी जमेल?" मी नाही म्हटलं, आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. वाऱ्यात दहा थांबे केले असते तर तक्त्यात दहा वेळा 'घुबड नाही' लागलं असतं, आणि ते खोटं ठरलं असतं. घुबडं असतील, आपल्याला ऐकू आली नसतील. पुढे दहा वर्षांनी कुणी या आकड्यांवरून 'इथली घुबडं कमी झाली' असं म्हणेल, तेव्हा ती रात्र कशी होती हे त्याला कुठून कळणार?

वारा नाही, पाऊस नाही, तरी आवाज आहेच, हे आणखी एक. बर्फ वितळून ओढे फुगलेले असतात. आमचा एक थांबा बरोबर मोरीवर येत होता. आणि बेडूक! इथले कोरस फ्रॉग बोटाच्या दोन पेरांएवढे, पण दलदलीशेजारी उभं राहिलात तर कोकणातल्या पहिल्या पावसाच्या रात्रीसारखा गजर. मार्ग ठरवायच्या आधी एकदा संध्याकाळी गाडी घेऊन जा आणि कुठे पाणी आहे, कुठे कुत्री भुंकतात, कुठे बर्फाने रस्ता बंद आहे ते बघा. लाकूडतोडीच्या रस्त्यांवर जायचं असेल तर उलट फिरायला जागा आहे का, तेही.

शेवटी एका रात्री नणंदेचा फोन आला, "वारा पडलाय, मी मोकळी आहे, निघूया?" बाकी मग कसं झालं कळलंच नाही. तिसऱ्या थांब्यावर शिट्टी ऐकू आली. एकाच सुरात, सेकंदाला साधारण दोन, न थांबता टू-टू-टू-टू. नॉर्दर्न सॉ-व्हेट. आपल्या पिंगळ्याएवढंच घुबड, पण आवाज झाडांच्या मागून पार रस्त्यापर्यंत. नणंदेने माझा दंड इतका घट्ट धरला की मला होकायंत्र बघता येईना. दिशा, अंदाजे अंतर, कितव्या मिनिटाला ऐकू आलं, सगळं लिहिलं. पुढे ग्रेट हॉर्न्डची खोल घुमणारी साद, आणि एका ठिकाणी दोन बार्ड आउल एकमेकांवर ओरडत होती, ती तर माकडांसारखी किंचाळतात.

बार्ड ऐकून आनंद होतो आणि काळजीही वाटते. हे घुबड मूळचं पूर्वेकडचं, गेल्या शतकात पसरत पसरत इथे आलं. त्याच्यापुढे इथलं स्पॉटेड आउल टिकत नाही. स्पॉटेडला जुनं, उंच झाडांचं जंगल लागतं, आणि ते तोडून संपत आलंय. कॅनडाच्या जंगलात ते आता जवळजवळ उरलेलं नाही. लँगलीला त्यांची पैदास करणारं केंद्र आहे. तिथली तीन २०२२ मध्ये जंगलात सोडली, पण ती तिथे टिकली नाहीत: दोन मेली, एक जखमी होऊन परत आणावं लागलं. छोट्या वेस्टर्न स्क्रीच आउललाही बार्ड खातं, असा अभ्यासकांचा संशय आहे. टप्पे टाकत खाली येणाऱ्या चेंडूच्या लयीतली त्याची साद मी दर थांब्यावर कान देऊन शोधली. मिळाली नाही. तेही लिहिलं.

आता आठवतंय तसं: नायलॉनचं जॅकेट घालू नका, मान वळवली तरी सळसळतं. मी आईची जुनी लोकरीची शाल घेते. गाडीचं दार आपटू नका, उघडंच ठेवा. रस्त्याकडेला उभं राहणार म्हणून चमकणारं जॅकेट हवं, ते शालीवरून चढवा आणि हलू नका. विजेरीला लाल कागद लावा. काचेवर 'घुबडांची पाहणी चालू आहे' अशी चिठ्ठी ठेवा. अंधारात उभी गाडी बघून लोक थांबतात, पण चिठ्ठी वाचली की बहुतेक जण स्वतःच्या परसातल्या घुबडाबद्दल सांगायला लागतात. आवाज आधी घरी ऐकून पाठ करा, थांब्यावर फोन काढून वाजवू नका. वाजवलंत तर घुबड उत्तर द्यायला येतं आणि नोंद बिघडते.

नोंदी 'नेचरकाउंट्स' या संस्थेच्या संकेतस्थळावर भरायच्या असतात. त्या दुसऱ्याच दिवशी भरा, हाताने लिहिलेलं आठवड्याने वाचता येत नाही. काहीच न ऐकू आलेले थांबेही भरा. नणंदेने पुढच्या मार्चसाठी सुट्ट्यांचा अर्ज आत्ताच देऊन ठेवलाय, एका रात्रीचा नाही, सलग आठवड्याचा.