तुम्ही विचारलंत म्हणून : ड्रॉइंगमध्ये नसलेलं माप

बेळगावजवळच्या हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमध्ये कामाला जाणारी आमच्या गल्लीतली पोरं रविवारी माझ्या शेडमध्ये येतात, आणि फिरून फिरून एकच प्रश्न निघतो. "काका, ड्रॉइंगमध्ये दिलेलंच नाही ते माप तुम्ही कुठनं काढता ओ?" त्यांच्याकडं प्रत्येक भोकाचा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहिलेला असतो. माझ्यापुढं एका जुन्या अमेरिकन दोन आसनी लाकडी विमानाची हातानं काढलेली पानं आहेत, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. त्यावरून मी विमानाचं धड बांधतोय.

अंदाजानं काढत नाही, एवढं आधी सांगतो. शंका असलेल्या आकड्याला दुसऱ्या आकड्याची साक्ष लागते. ती मिळेपर्यंत गोंद कालवायचा नाही.

कॉकपिटपाशी रुंदी 24 इंच दिलीय. लाकडाच्या बाहेरून, की त्यावर चिकटणाऱ्या प्लायच्या बाहेरून? प्लाय एक सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा; म्हणजे दोन्हीकडचा मिळून दोन सुतांचा फरक. भलत्याच पानावर आडव्या काठीची लांबी सापडली, 22 इंच. तिच्या दोन्ही टोकांना इंच-इंचाचा लाँजरॉन, म्हणजे धडाच्या लांबीनं शेपटीकडं जाणारी पट्टी. झाले 24. प्लाय त्याच्या बाहेर.

शेपटीकडच्या भागानं मात्र मला दोन महिने थांबवलं. धड मागं निमुळतं होत जातं. मधल्या काठ्या किती किती अंतरावर बसवायच्या ते दिलंय, पण ते अंतर धडाच्या मध्यरेषेवर मोजायचं की तिरक्या गेलेल्या लाँजरॉनवर, हे कुठंच नाही. बाजू टेबलावर सपाट पडलेली असते तेव्हा दोन्ही एकच वाटतं. पण मध्यरेषेवर 100 इंच जाताना बाजू 12 इंच आत येत असेल, तर लाँजरॉन 100.7 इंच लागतो. जवळजवळ सहा सूत! चुकीचं धरलं तर दोन्ही बाजू ओढून जुळवल्यावर शेपूट तेवढं पुढं सरकणार.

शेवटी शेडमधल्या शहाबादी फरशीवर दोरी मारून वरून दिसणारं धड पूर्ण मापात काढलं. काठ्यांच्या जागी खिळे ठोकलेल्या फळ्या ठेवल्या आणि पाइनची पातळ पट्टी त्यांच्या कडेनं वाकवली. मग पहिल्या पानावरची एकूण लांबी ताडून बघितली. अंतरं मध्यरेषेवर मोजली तरच ती जुळत होती. त्या संध्याकाळी मी फरशीवरच बसून राहिलो. बायको चहा घेऊन आली आणि खडूच्या रेघा चुकवत चुकवत कप ठेवून गेली.

तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे लाकडी पॅटर्न केले, ड्रॉइंग वाचणं हाच धंदा. तरी एका ब्रॅकेटला फसलो. आपल्याकडे ड्रॉइंगच्या फर्स्ट अँगल पद्धतीची सवय. समोरच्या चित्राच्या उजवीकडं काढलेलं दृश्य आपण डाव्या बाजूचं समजतो. अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलचं, तिथं ते उजव्याच बाजूचं असतं. ब्रॅकेट उलटं झालं, नशिबानं नमुना आधी साध्या लाकडात केला होता. म्हणून सांगतो, पहिला तुकडा स्वस्त लाकडात करा. आणि झेरॉक्सवर पट्टी लावून माप कधीच घेऊ नका. कागद ताणतो, मशीनही उभं-आडवं सारखं मोठं करत नाही.

बरेच जण कॅप्टन अमोल यादवांचं नाव काढतात. कांदिवलीत गच्चीवर त्यांनी विमान बांधलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण ते डिझाइन त्यांचं स्वतःचं होतं, आकडा का तसा आहे हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या विमानाचा डिझायनर हयात नाही.

साक्षच नसेल तेव्हा मी जोर कुठून येतो आणि कुठं जातो ते बघतो. चाकांचा धक्का, पंखाची ओढ कुठल्या काठीतून कुठल्या सांध्यात उतरते, तिथपर्यंत बोट फिरवत जातो. सोय बघून आकडा ठरवत नाही. त्या काठीवर उद्या माणूस बसणार आहे.

सध्या सीटमागच्या चौकटीचा एक बोल्ट अडलाय. एका पानावर तो लाँजरॉनमधून जातो, दुसऱ्यावर त्याच्या खालून. लाँजरॉनला भोक पाडलं की तो तिथं कमजोर होणार, म्हणून माझा कल खालच्या बाजूनं आहे. पण साक्ष अजून मिळाली नाही. दोन्ही पानांवर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय आणि चौकट क्लॅम्पवर तशीच उभी आहे.