मागची सीट

आज येडशीच्या रामलिंगला जाऊन आलो. तसं छान झालं सगळं, पाऊस नाही, ऊन नाही, श्रावण संपल्यामुळं गर्दी पण नाही. तरी रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी हे लिहीत बसलीय, कारण एक गोष्ट डोक्यातनं जाईना. घरात सांगितली तर हसतील.

सकाळी सवयीनं पुढचं दार उघडलं तर चिरंजीव म्हणाले, "मम्मी, तू मागं बस ना, तिला घाटात गाडी लागती." बस, एवढंच. आणि लागतीच सूनबाईला, खोटं नाही, तुळजापूरला काय झालेलं ते सगळ्यांना माहितीय. मी लगेच "हो की, बस गं तू" म्हणाले आणि मागं गेले. एका बाजूला कडक भाकऱ्यांचं गाठोडं, दुसऱ्या बाजूला पाण्याचा कॅन, आणि मधलं गाठोडं मी.

एकतीस वर्षं पुढं बसलेय हो. आणि पुढं बसणं म्हणजे काय नुसतं बसणं नव्हतं, कॅसेट पालटायची, शेंगा सोलून ह्यांच्या हातावर ठेवायच्या, ह्यांना झोप येतीय असं वाटलं की एखादं जुनं भांडण उकरून काढायचं. नान्नज आलं की हे गाडी हळू करायचे, "बघ बघ, माळढोक!" 1979 साली तिथं ह्या पक्ष्याचं अभयारण्य झालं आणि मी आजवर एक माळढोक बघितला नाही, काळवीट मात्र रग्गड. ह्यांनी तरी कधी बघितला होता का, आता विचारू कुणाला.

जाऊ दे.

आज नान्नज आलं तेव्हा माझ्यासमोर सीटची पाठ, तिच्या कप्प्यात पेट्रोलची चुरगाळलेली पावती आणि वर सूनबाईच्या केसातला चॉकलेटी चिमटा. वैराग आलं, चिमटा. बार्शी आली, चिमटा. भगवंताला गाडीतनंच हात जोडले तर तेही चिमट्यालाच जोडल्यासारखं झालं. त्याचा एक दात तुटलाय, हे मी आता झोपेतसुद्धा सांगीन.

पांगरीच्या पुढं बालाघाटचे डोंगर लागतात. तोवर आपलं ते सपाट काळं रान, पिवळं पडत आलेलं सोयाबीन, एखादा ट्रॅक्टर, बाकी रस्त्यावर कुणी नाही, आणि मग एकदम रस्ता अंग मोडल्यासारखा वळतो आणि समोर हिरवं उभं राहतं. ते पहिलं वळण मला फार आवडतं, आणि ते समोरनंच बघायचं असतं. बाजूच्या काचेतनं नुसती झाडं पळतात. सीताफळाची झुडपं दिसली, अजून डोळे उघडले नव्हते फळांचे. सांगावं म्हटलं, पण पुढं गाणी मोठ्यानं लागलेली.

लहानपणी या बाजूला बार्शी लाइट रेल्वेनं यायचो. ती अडीच फुटी रुळांवरची गाडी, 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेली, आणि चढ आला की अशी धापा टाकायची की चालत गेलो असतो तर बरं असं वाटायचं. 2008 पर्यंत या बाजूची लाइन ब्रॉडगेज झाली, आता कोण आठवण काढतंय. तेव्हा खिडकी दादाला असायची. त्याला वारं लागलं नाही की मळमळायचं म्हणे. म्हणजे बघा, पोट बिघडणारी माणसंच माझ्या नशिबात.

रामलिंगच्या पायऱ्या उतरले, जटायूच्या समाधीपुढं हात जोडून उभी राहिले आणि मनात काय, तर सीट. लाज वाटली. वर माकडानं एक भाकरी पळवली आणि झाडावर बसून कडाकडा खाल्ली, चटणीकडं ढुंकून पण बघितलं नाही. हसून हसून पोट दुखलं. बऱ्याच दिवसांनी हसले तशी, ते एक असो.

परत निघताना सूनबाई आपणहून म्हणाली, "आई, तुम्ही बसा पुढं, मी गोळी घेतलीय." नको नको म्हणत बसलेच. बसले तर बेल्ट सापडेना, गाडी टुंग टुंग ओरडायला लागली. गाणी मोबाईलवरची, पालटायचं काही नाही. कुठं वळायचं ते ती मोबाईलमधली बाई सांगतीय. शेंगा मागं पिशवीत राहिल्या. हात नुसते मांडीवर. आणि मग बार्शी यायच्या आत मला जी झोप लागली ती डोळे उघडले तेव्हा सोलापुरातला बाळ्याचा पूल. नान्नज गेलं, माळढोक असलाच तर तोही गेला. माझा तोंड उघडं टाकून झोपलेला फोटो ग्रुपवर पडलाय, त्यावर तायडीनं अकरा हसरी तोंडं टाकलीत. मोजली मी.

मान अवघडलीय. सूनबाईनं आत्ताच बाम चोळून दिला, न सांगता.

रविवारी अक्कलकोटला जायचं म्हणतायत. तो रस्ता सपाट आहे, तिथं कुणाला गाडी लागायचं काही कारण नाही.